लहान ग्रामीण शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडीवस्तीवरच्या वीस-पंचवीस पटाच्या जिल्हा परिषद शाळेत प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप द्यावा, असा विचार गावात निघाला की शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आणि पालकांच्या बैठकीत काही प्रश्न हटकून येतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती लिहिताना पहिली ते चौथी किंवा पहिली ते पाचवीचे वर्ग, एक किंवा दोन शिक्षक आणि दोन खोल्या असलेली शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे. मोठ्या शाळांना यातील काही गोष्टी लागू पडणार नाहीत.

शाळेत संगणक कक्ष असताना प्रत्येकाला वेगळा लॅपटॉप कशासाठी?

संगणक कक्षात मूल आठवड्यातून एखादा तास जाते, एका यंत्रापुढे तिघे-चौघे बसतात आणि माउस बहुधा त्यांच्यातल्या सर्वांत धीट मुलाच्या हातात राहतो. त्या तासात मूल संगणक ‘पाहते’. यंत्र स्वतःचे असले, तर अर्धवट राहिलेली गोष्ट उद्या पुढे लिहिता येते, चुकलेले गणित कोणाच्या नजरेशिवाय पुन्हा करून पाहता येते आणि मागच्या महिन्यात काढलेले चित्र उघडून सुधारता येते. लॅपटॉपचा खरा उपयोग अशा सलग, पुन्हापुन्हा होणाऱ्या कामात आहे.

लहान शाळेच्या बाबतीत आणखी एक साधा हिशेब आहे. आठशे पटाच्या शाळेत कक्ष करणे आणि प्रत्येकाला यंत्र देणे यांच्या खर्चात फार मोठे अंतर पडते. बावीस पटाच्या शाळेत दहा यंत्रांचा कक्ष आणि बावीस यंत्रे यांत फरक केवळ बारा यंत्रांचा आहे. म्हणजे प्रत्येकाला यंत्र देण्याची कल्पना मोठ्या शहरी शाळेपेक्षा वाडीवरच्या शाळेला अधिक परवडणारी आहे, आणि ही गोष्ट निर्णय घेताना बहुतेक वेळा लक्षात घेतली जात नाही.

ही कल्पना मुळात कोठून आली? महाराष्ट्रात असे पूर्वी कधी झाले आहे का?

होय, आणि तेही रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ हा उपक्रम जाहीर केला. गरीब देशांतील प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप, अशी ती घोषणा होती. त्यासाठी घडवलेले हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ‘एक्सओ’ नावाचे यंत्र अनेक बाबतींत विलक्षण होते. भर उन्हात वाचता येईल असा पडदा, धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कळफलक, अत्यल्प वीजवापर, आणि इंटरनेट नसतानाही शेजारच्या यंत्राशी परस्पर जोडले जाण्याची सोय त्यात होती. शंभर डॉलरची किंमत मात्र साधली नाही. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले, तेव्हा ती दोनशे डॉलरच्या आसपास पोहोचली होती.

भारत सरकारने २००६ मध्ये हा प्रस्ताव नाकारला. ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद आहे आणि तोच पैसा शाळा व शिक्षक यांच्यावर खर्च होणे अधिक निकडीचे आहे, अशी त्या वेळच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाची भूमिका होती. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या गावातल्या पहिली ते चौथीच्या एकशिक्षकी शाळेत या यंत्रांचा भारतातील पहिला प्रायोगिक वापर सुरू झाला. पट होता वीसेक मुलांचा, आणि चारही इयत्ता एकाच खोलीत बसत. आज आपल्या गावात ही चर्चा होत असेल, तर तिची सुरुवात महाराष्ट्रातल्याच एका वस्तीशाळेत होऊन गेली आहे.

पूर्ण देशाच्या पातळीवर हे काम पहिल्यांदा उरुग्वेने केले. तेथील ‘प्लान सेइबाल’ २००७ च्या मे महिन्यात विया कार्दाल या छोट्या गावातल्या शाळेपासून सुरू झाला आणि २००९ अखेरपर्यंत देशातील सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला. त्यासाठी तेथे स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि शाळांची जोडणी, दुरुस्ती, शिक्षकांचे साहाय्य ही कामे यंत्रवाटपाच्या बरोबरीने हाती घेतली गेली.

लॅपटॉप दिल्याने मुलांचे गुण वाढतात का?

केवळ लॅपटॉप दिल्याने वाढत नाहीत, हे देणगीदारांपासून पालकांपर्यंत सर्वांना आरंभीच स्वच्छ सांगावे. पेरू देशाने याच उपक्रमातील यंत्रे फार मोठ्या संख्येने ग्रामीण शाळांना दिली. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा आंतर-अमेरिकी विकास बँकेने केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पंधरा महिन्यांनंतर, ज्या शाळांना यंत्रे मिळाली त्यांच्यात आणि ज्यांना मिळाली नाहीत त्यांच्यात, गणित व भाषा या विषयांच्या चाचण्यांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. यंत्रे मिळालेल्या शाळांत ती जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक या प्रमाणात पोहोचली होती आणि मुले ती वापरतही होती. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या चाचण्यांत थोडा चांगला परिणाम दिसला, परंतु पाठ्यविषयांत नाही.

हा अभ्यास वाचून अनेकजण कल्पनाच मोडीत काढतात. आमचे मत वेगळे आहे. त्या शाळांपैकी बहुसंख्य शाळांत इंटरनेट नव्हते, शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण थोडे होते, आणि रोजच्या गणिताच्या किंवा भाषेच्या तासाला या यंत्राचे नेमके काय करायचे, हे ठरलेलेच नव्हते. जे काम यंत्राला सांगितलेच नाही, त्याचे फळ चाचणीत दिसले नाही. म्हणून खरेदीआधी समितीने एकच प्रश्न कागदावर सोडवावा: सोमवारी सकाळी अकरा वाजता तिसरीची मुले या यंत्रावर काय करतील? त्याचे उत्तर शिक्षकांना देता येत नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी.

आमच्या शाळेत एकच गुरुजी आहेत. त्यांना हा आणखी एक व्याप होणार नाही का?

पहिले तीन-चार महिने होईल. पुढे मात्र याच शाळेला लॅपटॉपचा सर्वांत जास्त उपयोग होतो, असे आम्हांला मनापासून वाटते, आणि म्हणून या उत्तराला थोडी जास्त जागा देत आहोत.

बहुवर्ग अध्यापनाची अडचण ज्याने पाहिली आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असायला हवेत, पण दुसरे शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की चारही इयत्ता एका व्यक्तीवर येतात. ती व्यक्ती पहिलीला अक्षर गिरवून घेते, तेवढ्या वेळात दुसरी, तिसरी आणि चौथी फळ्यावरचा उतारा लिहून काढतात, आणि तो संपला की वाट पाहत बसतात. वाट पाहण्यात जाणारा हा वेळ एकशिक्षकी शाळेतल्या मुलाचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

प्रत्येकाकडे यंत्र असेल, तर हा वेळ कामी लावता येतो. शिक्षक पहिलीसोबत बसलेले असताना चौथीची मुले गावातल्या विहिरींची माहिती टंकित करतात, तिसरीची मुले आपापल्या गतीने भागाकाराचा सराव करतात आणि दुसरीतले मूल ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकत तीच गोष्ट पडद्यावर वाचते. येथे यंत्र शिक्षकाची जागा घेत नाही, शिक्षक ज्या तीन इयत्तांपर्यंत त्या क्षणी पोहोचू शकत नाहीत त्यांच्यापुढे काम ठेवते. मात्र त्यासाठी शिक्षकांना आठवड्याचे काम आधी आखावे लागते. ते आखायला वेळ मिळावा म्हणून पहिल्या वर्षी गावाने एखादा पदवीधर तरुण किंवा तरुणी मानधनावर मदतीला द्यावी. हा खर्च दोन यंत्रे कमी घेऊनही करण्यासारखा आहे.

कोणत्या इयत्तेपासून द्यावा? पहिलीच्या मुलाचे हस्ताक्षर बिघडणार नाही का?

पहिली-दुसरीत पाटी, पेन्सिल आणि वही यांना पर्याय नाही. हाताने अक्षर काढणे हा अक्षरओळखीचाच भाग आहे. या मुलांना यंत्र ऐकण्यासाठी, चित्र काढण्यासाठी आणि गोष्ट वाचण्यासाठी दिवसातून वीस-पंचवीस मिनिटे पुरे. टंकलेखन तिसरीपासून सुरू करावे. तरीही पहिलीच्या मुलाचे यंत्र त्याच्याच नावाचे असावे, कारण धाकट्यांना वगळले की शाळेतल्या शाळेत दोन गट पडतात.

टॅब्लेट स्वस्त पडतो. तोच का घेऊ नये?

पाहणे आणि ऐकणे एवढेच करायचे असेल, तर टॅब्लेट चालतो. लिहायचे, रचायचे, आज्ञावली तयार करायची असेल, तर कळफलक हवा. केंद्र सरकारने २०११ साली ‘आकाश’ टॅब्लेट मोठ्या गाजावाजाने आणला. त्याची किंमत खूपच कमी होती, पण वेग आणि स्पर्शपटल यांविषयी तक्रारी आल्या आणि तो अपेक्षेप्रमाणे रुजला नाही. स्वस्त टॅब्लेटचा पडदा एकदा फुटला की दुरुस्तीचा खर्च नव्या टॅब्लेटच्या किमतीच्या जवळ जातो. लॅपटॉपचा कळफलक, बॅटरी, साठवण-तबकडी हे भाग सुटे बदलता येतात, आणि तालुक्याच्या गावी ते बदलणारा माणूसही सापडतो.

एकूण खर्च किती येईल?

भाव सतत बदलतात, म्हणून येथे केवळ पद्धत दाखवतो. समजा पट २२ आहे आणि साध्या लॅपटॉपचा भाव २५,००० रुपये मिळाला. विद्यार्थ्यांसाठी २२, शिक्षकांसाठी २ आणि राखीव २ अशी २६ यंत्रे धरली, तर ६,५०,००० रुपये होतात. बहुतेक प्रस्ताव येथेच थांबतात, आणि पुढच्या अडचणींचे मूळ तेथेच असते. वायरिंग, कुलपाचे कपाट, इन्व्हर्टर, आशय साठवणारे एक छोटे यंत्र, पिशव्या आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी वेगळी रक्कम लागते. शिवाय यंत्रांच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी लागते, म्हणजे वरील उदाहरणात वर्षाला ६५,००० ते ९७,५०० रुपये. पाच वर्षांचा एकूण आकडा मांडूनच प्रस्ताव करावा. पाच वर्षांची तरतूद होत नसेल, तर यंत्रे कमी घेऊन दोघांत एक द्यावे, पण देखभालीचा पैसा खरेदीत घालू नये.

कंपन्यांनी वापरून काढलेले आणि नव्याने दुरुस्त केलेले लॅपटॉप निम्म्या किंवा त्याहून कमी भावात मिळतात. ते घेण्यास हरकत नाही, परंतु सर्व एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे असावेत, म्हणजे एका बंद यंत्राचे भाग दुसऱ्याला लावता येतात. बॅटऱ्या मात्र नव्या मागाव्यात.

पैसा कोठून उभा करावा? परवानगी कोणाची लागते?

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावा लागतो आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. ग्रामपंचायतीचा निधी, नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला असलेले माजी विद्यार्थी, गावचे मंडळ हे इतर मार्ग आहेत. आमचा आग्रह असा की, थोडा का होईना, लोकवर्गणीचा वाटा असावा. ज्या वस्तूत गावाचे पैसे आहेत, तिची चौकशी गाव करते.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवणे, आणि यंत्रे आल्यावर अनुक्रमांकासह जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करणे, या तीन गोष्टी न चुकता कराव्यात. नोंद राहून गेली, तर पुढे चोरी झाल्यास तक्रार देणेही अवघड होते.

आमच्याकडे भारनियमन असते. बावीस लॅपटॉप चार्ज कसे करायचे?

वीज किती लागते, याविषयीची भीती बहुधा खऱ्यापेक्षा मोठी असते. साध्या लॅपटॉपची बॅटरी साधारण ४० वॅट-तासांची असते. बावीस बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या होऊन पूर्ण भरायच्या, तरी ८८० वॅट-तास लागतात, आणि गळती धरून सुमारे एक युनिट. महिन्याला पंचवीस दिवस शाळा भरली, तर वाढ पंचवीस-तीस युनिटांची. वीजबिल सादिलातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, भागवण्याची ओढाताण आम्ही जाणतो, म्हणून ही वाढ ग्रामपंचायतीने उचलावी, असा ठराव आधीच करून घ्यावा.

अडचण एकूण विजेपेक्षा एकाच वेळी येणाऱ्या भाराची आहे. ४५ वॅटचे बावीस चार्जर एकदम लावले, तर ९९० वॅटचा भार पडतो. जुन्या शाळाखोलीतल्या एका सहा अँपिअरच्या प्लगला एकात एक अडकवलेल्या एक्स्टेंशन बोर्डांवर तो टाकणे धोक्याचे आहे. चार्जिंगसाठी दोन स्वतंत्र जोडण्या, योग्य जाडीची तार, चालू स्थितीतले अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर परवानाधारक वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावा. यंत्रे अकरा-अकराच्या दोन तुकड्यांत चार्ज करावीत. चार्जर मुलांच्या हाती देऊ नयेत, ते कपाटातच जोडलेले राहू द्यावेत.

छतावर एक किलोवॅटचे सौर पॅनेल असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिटे मिळतात आणि शाळेचे दिवे-पंखेही त्यावर चालतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हे उत्पादन बरेच घटते, त्यामुळे पावसाळ्यात पूर्णपणे त्यावर विसंबता येत नाही. त्याच भागात दमट हवेचाही विचार करावा लागतो. यंत्रे जमिनीपासून वर, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवावीत, कौले गळतात त्या बाजूला कपाट नसावे, आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीतही पंधरवड्यातून एकदा ती चालू करावीत. उंदीर तारा कुरतडतात, हेही विसरू नये.

इंटरनेट नसेल तर लॅपटॉप निरुपयोगी ठरतील का?

नाही. वर्गातल्या वर्गात एक छोटे यंत्र आशयाचे भांडार म्हणून ठेवता येते आणि राउटरच्या साहाय्याने मुलांचे लॅपटॉप त्याला जोडता येतात. ‘किविक्स’ वापरून मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो, ‘कोलिब्री’त धडे आणि चित्रफिती साठवता येतात, ई-बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून ठेवता येतात. ‘जीकॉम्प्री’सारखे मोफत शैक्षणिक खेळ, ‘स्क्रॅच’ आणि ‘लिबरऑफिस’ यंत्रातच बसवता येतात. महिन्यातून एकदा शिक्षकांनी तालुक्याहून नवा आशय भरून आणला, तरी प्राथमिक शाळेला पुरतो. उलट पहिले वर्ष इंटरनेटशिवाय काढणे आम्ही बरे मानतो, कारण त्या काळात मुलांना स्वतः काही घडवण्याची सवय लागते.

मुले मराठीत टाइप कशी करतील? इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिले तर चालेल का?

चालवू नये. तिसरीतल्या मुलाला ‘शाळा’ लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. भारतीय भाषांसाठी प्रमाणित केलेली इन्स्क्रिप्ट रचना प्रत्येक संगणकात आधीपासून उपलब्ध असते, ती केवळ चालू करावी लागते. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ येतो, ‘ग’ची दाबली की ‘घ’, ‘ल’ची दाबली की ‘ळ’. बाराखडी ज्या मुलाला येते, त्याला ही मांडणी परकी वाटत नाही. जोडाक्षर लिहिताना पहिले व्यंजन, मग हलन्त, मग दुसरे व्यंजन अशा कळा दाबाव्या लागतात, त्यामुळे ‘विद्यार्थी’ हा शब्द कोणकोणत्या अक्षरांनी बनला आहे, हे मुलाला टाइप करतानाच उलगडते. ‘दुसऱ्या’ किंवा ‘गिऱ्हाईक’ यांतला ‘ऱ’ शिफ्टसह ‘र’ दाबून मिळतो. हे माहीत नसल्याने अनेक मोठी माणसेही तो चुकीचा लिहितात, चौथीतली मुले मात्र बरोबर लिहू लागतात. कळफलकावर चिकटवायच्या देवनागरी अक्षरांच्या पट्ट्या बाजारात मिळतात, पहिल्या वर्षी त्या जरूर लावाव्यात.

लॅपटॉप घरी नेऊ द्यावा का?

पहिले सत्र शाळेतच ठेवावा, दुसऱ्या सत्रापासून आठवड्यातून दोन-तीन दिवस तिसरी-चौथीच्या मुलांना नेऊ द्यावा. घरी नेल्याने यंत्र कुटुंबाच्या ओळखीचे होते, आईवडील मुलाचे लेखन पाहतात, आणि शाळेत नक्की काय चालते हे त्यांना कळते. ज्या शाळा नुकसानीच्या भीतीने यंत्रे कायम कपाटात ठेवतात, तेथे ती वापराविनाच जुनी होतात.

येथे एक गोष्ट पालकसभेत स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. मुलीचा लॅपटॉप घरी गेला की तो मोठ्या भावाच्या हाती जातो, आणि मुलीच्या वाट्याला भांडी, पाणी आणि धाकट्याला सांभाळणे येते. प्रत्येक मुलाने आणि मुलीने शाळेत आल्यावर काल घरी यंत्रावर काय केले हे दाखवावे, असा नियम सर्वांसाठी ठेवला, तर कोणाचेही नाव न घेता ही अडचण उघडी पडते आणि आईशी बोलता येते. लॅपटॉप घरी गेल्यावर मुलीचा अभ्यासाचा वेळ वाढला पाहिजे, हे उपक्रमाचे एक उद्दिष्ट म्हणूनच लिहून ठेवावे.

यंत्र फुटले किंवा हरवले तर भरपाई पालकांनी द्यायची का?

नाही. शेतमजुराच्या घराला पंचवीस हजारांची धास्ती घातली, तर तो मुलाला यंत्राला हात लावू देणार नाही. अपघाती नुकसान देखभाल निधीतून भागवावे. चोरी झाल्यास पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, शक्य असल्यास सामूहिक विमा उतरवावा.

दुरुस्ती कोण करील?

खरेदीचा करार करतानाच तालुक्याच्या ठिकाणी येऊन दुरुस्ती करण्याची अट घालावी. केवळ ‘वॉरंटी आहे’ एवढ्यावर समाधान मानले, तर यंत्र पुण्या-मुंबईला पाठवून दोन-दोन महिने वाट पाहावी लागते. राखीव यंत्रे याच काळासाठी असतात. रोजच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी चार्जरची तार, सैल झालेली कळ आणि भरून गेलेली साठवण यांच्या असतात. त्या सोडवायला गावातल्या एखाद्या आयटीआय झालेल्या तरुणाला थोडे शिकवले तरी पुरते. प्रत्येक यंत्राची तक्रार-वही ठेवावी.

मुले खेळच खेळत बसतील, नको ते पाहतील, त्याचे काय?

इंटरनेट नसलेल्या यंत्रावर नको ते पाहण्याचा धोका थोडा असतो. घरातल्या मोठ्या माणसांच्या मोबाइलवर तो कितीतरी जास्त आहे, आणि ती चिंता लॅपटॉपच्या आधीपासूनची आहे. इंटरनेट आल्यावर शाळेच्या राउटरवर गाळणी बसवावी आणि मुलांशी उघडपणे बोलावे. खेळांविषयी आम्ही फार कठोर नाही. मूल स्वतः खेळ तयार करू लागले, तर तेच हवे आहे.

डोळ्यांची चिंता योग्य आहे. सलग अर्ध्या तासाहून जास्त पडद्यापुढे बसवू नये, मधल्या सुट्टीत यंत्रे बंद ठेवून मुलांना मैदानावर पाठवावे, आणि जमिनीवर बसणाऱ्या मुलांना मान वाकवावी लागू नये म्हणून बैठे डेस्क द्यावेत. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राकडून नेत्रतपासणी करून घ्यावी.

मुलांची माहिती आणि छायाचित्रे यांबाबत काय काळजी घ्यावी?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून मुलांच्या नावे ऑनलाइन खाती शक्यतो उघडूच नयेत. देणगीदारांना दाखवण्यासाठी मुलांचे चेहरे, पूर्ण नावे किंवा गुण समाजमाध्यमांवर टाकू नयेत. मुलांनी केलेले काम दाखवावे.

उपक्रम उभा करणाऱ्या शिक्षकांची बदली झाली तर?

लहान शाळांतले चांगले उपक्रम थांबण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे, आणि त्यात नव्या शिक्षकांचा दोष नसतो. त्यांच्या हाती बंद कपाट आणि किल्ल्यांचा जुडगा येतो, पासवर्ड जुन्या शिक्षकांच्या वहीत गेलेला असतो. यावर उपाय पहिल्या दिवसापासून करावा लागतो. सर्व पासवर्ड बंद लिफाफ्यात मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष अशा दोघांकडे असावेत. आठवड्याच्या कामाचे आराखडे शाळेच्या दप्तरी ठेवावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्यापैकी किमान दोघांना, त्यांतील एक महिला, यंत्रे चालू करण्यापासून आशय भरण्यापर्यंत सर्व शिकवावे. शिक्षक बदलतात, पालक गावातच राहतात.

दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्या मुलांच्या यंत्रांचे काय करावे?

ज्यांची शाळा अर्धे वर्ष सुटते, त्यांनाच यंत्राची सर्वांत जास्त गरज आहे, म्हणून त्यांची यंत्रे परस्पर दुसऱ्याला देऊ नयेत. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे गावात राहिले, तर प्रश्न उरत नाही. कुटुंबासोबत गेले, तर स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत त्याचा आतापर्यंतचा अभ्यास पेनड्राइव्हवर द्यावा आणि ज्या शाळेत ते जाईल तेथील शिक्षकांशी दूरध्वनीवर बोलून घ्यावे. फडावरच्या खोपीत वीज आणि सुरक्षित जागा नसते, तेथे यंत्र पाठवणे आम्हांला व्यवहार्य वाटत नाही. मूल एप्रिल-मेमध्ये परतल्यावर त्याच दिवशी त्याचे यंत्र त्याच्या हाती द्यावे, त्यावरचे काम जसेच्या तसे असावे, आणि उन्हाळी सुट्टीत ते घरी न्यायला परवानगी द्यावी.

चौथी उत्तीर्ण झाल्यावर लॅपटॉप विद्यार्थ्याचा होतो का?

यंत्र जडवस्तू नोंदवहीत असल्याने ते शाळेचेच राहते आणि जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलाला मिळते. जाणाऱ्या मुलाला त्याचे सर्व लेखन, चित्रे आणि ध्वनिमुद्रणे पेनड्राइव्हवर द्यावीत. पुढच्या शाळेत संगणकाची सोय नसेल, तर रविवारी जुन्या शाळेत येऊन राखीव यंत्र वापरण्याची मुभा देता येईल.

यंत्रे कायमची बंद पडल्यावर काय करावे?

साधारण पाच-सहा वर्षांनी ही वेळ येते. बंद यंत्रे भंगारवाल्याला विकू नयेत, कारण बॅटरी फोडताना आग लागू शकते आणि तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या श्वासात विषारी धूर जातो. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, त्यानुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावी लागतात. त्याआधी उपयोगी सुटे भाग काढून ठेवावेत, साठवणीतील मुलांची माहिती पूर्ण पुसावी आणि जिल्हा परिषदेच्या निर्लेखन प्रक्रियेप्रमाणे नोंदवहीतून यंत्रे कमी करून घ्यावीत. फुगलेली बॅटरी आढळल्यास निर्लेखनाची वाट न पाहता ती यंत्रापासून वेगळी करावी आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, खोलीबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.